टोचनगाडीचं तेल

1897 साली कुर्डुवाडी-बार्शी धावलेली बार्शी लाइटची छोटी गाडी 1911 ला येडशीवरून लातूरला पोचली. पुढं माल ट्रकवर आला, आणि घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढायला आण्णांनी टोचनगाडी घेतली.

"वझं वढताना गिअरबॉक्स तापतो, तेल करपतं," आण्णा सांगायचे. महिन्याला बोल्ट खोलून तेल बोटावर घेत, वास बघत. काळं, करपट, चकचकीत चुरा दिसला की लगेच नव्वद नंबरचं नवं तेल.

एका गळीत हंगामात पैशाअभावी तेल राहिलं. उसाचा ट्रक ओढताना ऐन चढावर गिअरबॉक्स जाम झाला. दुरुस्तीत आईच्या पाटल्या गेल्या.

आता छोटी गाडी नाही, आण्णाही नाहीत. तेल मात्र मी अजून बोटावरच बघतो.