टप्प्यात येईपर्यंत

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी आणि शिकारीसाठी लेझर रेंजफाइंडर कोणता घ्यावा, हा प्रश्न जगभरच्या बंदूकशौकिनांना पडतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या माणसाने तो विचारला, तर आधी या मुलखाच्या शिकारीचा इतिहास पाहावा लागतो. सर वॉल्टर इलियट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 1839 मध्ये दक्षिण मराठा देशातल्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हा पूर्वेकडच्या काळ्या रानांत काळवीट होते आणि पश्चिमेच्या घाटजंगलात गवे. शिकारी तर पूर्वापार होतेच. पण त्यांच्यापैकी कोणाला सावजाचे नेमके अंतर मोजायची गरज वाटलेली दिसत नाही. त्यांची सारी हुशारी अंतर मिटवण्यात खर्च होत होती. अंतर मोजण्याची विद्या इथे आली ती छावणीतून, लष्कराबरोबर. हे दोन वारसे वेगळे ठेवले नाहीत, तर यंत्राची निवड चुकते.

निपाणीहून 40 किलोमीटरवरच्या कोल्हापुरात संस्थानाचा चित्तेखाना होता. हिंदुस्थानातले चित्ते दुर्मिळ झाल्यावर संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते आणवले, पण शिकारीची रीत जुनीच राहिली. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, त्याला बैलगाडीत बसवायचे आणि गाडी कळपाच्या रोखाने सरळ न हाकता तिरकी, रेंगाळत न्यायची. रोज शेतात दिसणाऱ्या बैलगाडीला काळवीट बुजत नाही. चित्त्याचा दम काहीशे मीटरच्या धावेत संपतो, म्हणून टोपी काढायची वेळ गाडीवानाला आणि चित्तेवानाला अचूक ओळखावी लागे. हा अंदाज अंतराचाच होता, पण तो यार्डांत मांडलेला नव्हता. कळपातल्या माद्यांनी मान वर केली का, वारा कुठून आहे, मधली जमीन नांगरलेली आहे की सपाट, अशा खुणांवरून तो बांधला जाई. गरीब पारध्याकडे, म्हणजे कानडी मुलखातल्या हरणशिकाऱ्याकडे, चित्ता नव्हता. त्याने वाटेवर फास मांडले आणि अंतराचा प्रश्नच काढून टाकला. घाटाकडच्या जंगलात मचाण आणि हाका हीच रीत. हाकारे जनावर उठवत, ते मचाणाखालून जाई आणि बार निघे तो बहुधा चाळीस-पन्नास पावलांवर. ठासणीची बंदूक त्यापलीकडे भरवशाची नव्हतीच.

यावर कोणी म्हणेल की साहेबांच्या हाती रायफली आल्यावर हे चित्र पालटले. काही अंशी पालटले. उघड्या माळावर काळवीट जवळ येऊ देत नाही, तेव्हा लांबून गोळी घालणे आलेच. पण त्या काळच्या शिकारी रायफली पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘एक्स्प्रेस’ रायफल लोकप्रिय झाली ती हलकी गोळी आणि जास्त दारू यांमुळे. गोळी वेगाने जाई, तिची वाट सपाट राही आणि दीडशे यार्डांपर्यंत अंतर थोडेफार चुकले तरी नेम चुकत नसे. म्हणजे बंदूक घडवणाऱ्यांनीही अंतर मोजायचा त्रास वाचवण्याचाच रस्ता धरला. आजच्या 7.62 मिमी रायफलीचा हिशोब तेच सांगतो. शंभर मीटरवर तीस मीटरची चूक झाली, तर गोळी दोन-चार सेंटीमीटर वरखाली होते. सहाशे मीटरवर पन्नास मीटरची चूक झाली, तर अर्ध्या मीटरच्या आसपास. सहाशे मीटरवरून कोणावर गोळी चालवायची, हा प्रश्न मुळात शिकाऱ्याचा नव्हता.

तो सैनिकाचा होता, आणि त्यालाही तो उशिराच पडला. 1818 मध्ये टॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला सुमारे तीन आठवडे वेढून 10 एप्रिलला घेतला, तेव्हा वेढ्याच्या रीतीप्रमाणे तोफा तटाच्या दिशेने पुढे सरकवल्या जात होत्या. तोफखानाही अंतर मिटवतच होता. अंतराचा नेमका आकडा गरजेचा झाला तो लांब पल्ल्याच्या लष्करी रायफलींमुळे. पुढे आलेल्या ली-एनफिल्डच्या साइटवर तर 2000 यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. साइटवर आकडा आहे, पण समोरचा शत्रू किती यार्डांवर आहे हे कोण सांगणार? वॉटकिनच्या मेकोमीटर या लष्करी अंतरमापकात दोन माणसे दोन पेट्या घेऊन मध्ये ठरावीक लांबीची दोरी ताणत आणि त्रिकोणाच्या हिशोबाने अंतर काढत. गोळ्यांच्या माऱ्यात दोरी ताणून उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी. 1888 मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी अंतरमापक हवा अशी जाहिरात दिली. लीड्सचे प्राध्यापक आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड यांनी एका माणसाने चालवायचे यंत्र केले. पायदळाने ते नापसंत केले आणि काही वर्षांतच आरमाराने उचलले. पायदळाचा जवान त्यानंतरही डोळ्याने अंदाज करायलाच शिकत राहिला. 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण ज्या बेळगावात चालले आहे, तिथेही शिपायाची विद्या हीच: शंभर यार्डांचा तुकडा मनात धरायचा आणि तो जमिनीवर किती वेळा बसतो ते पाहायचे, जास्तीत जास्त आणि कमीत कमी किती असेल ते ठरवून मधला आकडा घ्यायचा. दरी मध्ये आली की अंदाज फसतो, उन्हात वस्तू जवळ भासते, हेही त्याच पाठात येते.

1960 मध्ये थिओडोर मेमनने पहिला लेझर चालवला आणि पुढच्याच वर्षी त्यावर आधारलेला अंतरमापक तयार झाला. प्रकाश 150 मीटर जाऊन परत यायला एक मायक्रोसेकंद घेतो. यंत्र तो वेळ मोजते, बाकी भागाकार. दुकानातला आकडा इथेच फसवतो. खोक्यावर लिहिलेले 2000 मीटर हे चकचकीत परावर्तक फलकासाठी असतात. जनावराच्या कातडीवर किंवा झाडावर त्याच्या निम्म्याचाही भरवसा नसतो. किरण दीड मिलिरेडियन पसरत असेल, तर हजार मीटरवर त्याचा ठिपका दीड मीटर रुंद होतो. समोर निपाणीकडचा उसाचा फड असेल, तर परतीचा प्रकाश आधी पाचटावरून येतो. आषाढातल्या धुक्यात तर आकडा धुक्याचाच मिळायचा. म्हणून किरणाचा पसारा आणि पहिले की शेवटचे परावर्तन धरायचे ते निवडण्याची सोय, या दोन गोष्टी कमाल टप्प्याहून महत्त्वाच्या.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. अंतर नेमके कळले तर जनावर जखमी होऊन तडफडत नाही, मग यंत्र दयेचेच नव्हे का? जुन्या शिकारीला सोज्वळ ठरवण्याचा माझा इरादा नाही. छर्ऱ्यांच्या बाराने किती जनावरे जखमी होऊन झुडपात मेली असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही, आणि जवळून मारणाऱ्यांनीच माळावरचे कळप विरळ केले. तरी हा युक्तिवाद लंगडा आहे. सहाशे मीटर कापायला गोळीला जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्यात चरणारे हरण एक पाऊल टाकते, आणि मधल्या दरीतला वारा कोणताही लेझर सांगत नाही. यंत्र एक अनिश्चितता घालवते आणि तिच्या जोरावर माणूस अशा टप्प्यावरून गोळी झाडायला धजावतो, जिथे बाकीच्या अनिश्चितता तशाच उरलेल्या असतात. हाक्याच्या शिकारीत हा मोह होण्याचा संभवच नव्हता.

शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज शिकारीसाठी हे यंत्र घेण्याचे कारण या मुलखात कायद्यानेच उरलेले नाही. पिकांत घुसणाऱ्या जनावरांबाबत कलम 11 खाली मिळू शकणारी परवानगी हा शौक नव्हे. चांदमारीवर अंतरे आधीच आखलेली असतात, आणि स्पर्धेतले 10, 50 नि 300 मीटर कोणी मोजत बसत नाही. तरीही रेंजफाइंडर आज जंगलात जातो, गणनेसाठी. 2006 पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत, वाघाच्या भक्ष्याची घनता काढताना, कर्मचारी आखलेल्या सरळ वाटेने चालतात आणि सांबर किंवा गवा दिसला की त्याचे अंतर व दिशा टिपतात. वाटेपासून जनावर जितके दूर, तितके ते नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त. किती सुटले असतील याचा हिशोब या अंतरांवरूनच बांधतात, म्हणून इथला आकडा चुकला की जनावरांची संख्याच चुकते. खानापूर तालुक्यात 2011 मध्ये अभयारण्य झालेल्या भीमगडसारख्या दाट रानात जनावर दिसते ते बहुधा पन्नास-साठ मीटरच्या आत, आणि तेही पानांआडून. तिथे दोन हजार मीटरचे यंत्र कुचकामी. दहा मीटरपासून अचूक आकडा देणारे, पानांपलीकडचे शेवटचे परावर्तन पकडणारे, पावसात भिजले तरी चालणारे आणि डोळ्यांना अपाय न करणारे साधे यंत्र घ्यावे. कमाल टप्प्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.