लॅपटॉपची डिस्क कायम १०० टक्के? फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

बेळगाव : वीस तारीख, जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस. लॅपटॉप चालू केला तर पंधरा मिनिटं झाली तरी टॅली उघडायचं नाव नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा लाल होऊन १०० टक्क्यांवर अडकलेला. दुरुस्तीवाल्याकडे नेला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारूया.’ पण दुखणं बऱ्याचदा वेगळंच असतं आणि घाईच्या फॉरमॅटमध्ये वर्षांचे हिशेब, फोटो पुसले जातात. म्हणून पहिलं काम बॅकअपचं, दुरुस्ती त्यानंतर.

१०० टक्के म्हणजे डिस्क भरली असं नव्हे
डिस्कमध्ये जागा किती उरली ही एक गोष्ट आणि डिस्क किती वेळ कामात गुंतली आहे ही दुसरी. टास्क मॅनेजर दुसरी गोष्ट दाखवतो. निम्मी डिस्क रिकामी असूनही आकडा १०० दिसू शकतो. जुन्या लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या, आणि त्यावर वाचणारं डोकं इकडून तिकडे सरकतं. विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला शंभराच्या आतच कामं उरकतात. विंडोज १० आणि ११ मागे इतकी कामं चालवतात की ही डिस्क दमते.

आधी गुन्हेगार शोधा
कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला की ‘डिस्क’ या मथळ्यावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येईल. मग ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन डिस्क निवडा. तिथे डिस्क एचडीडी आहे की एसएसडी हे लिहिलेलं असतं, शिवाय ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ही दिसतो. फारसं वाचन-लेखन चालू नसतानाही हा आकडा सतत शेकडो, हजारो मिलिसेकंदांत असेल, तर डिस्क आजारी असल्याचा संशय घ्यावा.

नेहमीची कारणं आणि उपाय
विंडोज अपडेट : बरेच दिवस बंद असलेला लॅपटॉप चालू केला की अपडेट एकदम सुरू होतात. चार्जर लावून तास-दोन तास तसाच चालू ठेवा. नंतर शटडाऊन न करता ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनने विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

स्टार्टअपची गर्दी : टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीत नको असलेले प्रोग्रॅम डिसेबल करा. काही बिघडत नाही, हवे तेव्हा हाताने उघडता येतात.

दोन अँटीव्हायरस : एकच ठेवा. दोघे एकाच फायलीमागे लागले की डिस्कला उसंत नाही.

सिसमेन : पूर्वी हिलाच सुपरफेच म्हणत. हार्ड डिस्कच्या लॅपटॉपमध्ये ही सेवा ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन थांबवून बघावी. फरक पडला नाही तर पुन्हा चालू करा. सर्च इंडेक्सिंग मात्र एकदा पूर्ण होऊ द्या.

कमी रॅम : ४ जीबी रॅम असेल तर ब्राउझरचे दहा टॅब उघडताच विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरू लागतं. रॅम वाढवता येते का ते आधी विचारा, काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच जोडलेली असते.

डिस्क मरायला टेकली असेल तर
टक-टक आवाज, फायली उघडताना अडकणं, अचानक निळा पडदा ही लक्षणं दिसली तर प्रयोग बंद. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर त्याच दिवशी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. बॅकअपआधी चेकडिस्कची लांबलचक तपासणी लावू नका, दुबळ्या डिस्कला तो ताण सोसत नाही.

बॅकअपमध्ये टॅलीचा डेटा फोल्डर विसरू नका. डीटीपीचं काम करणाऱ्यांनी जुन्या मराठी फॉन्टच्या फायली आणि त्या सॉफ्टवेअरचा परवानाही जपावा. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधली पत्रिका किंवा अहवाल फॉन्टशिवाय उघडला तर निव्वळ अगम्य अक्षरं दिसतात.

कायमचा इलाज
डिस्क एचडीडी असेल तर खरा फरक एसएसडीने पडतो. साधी साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० एमबी वाचते, जुनी हार्ड डिस्क १०० एमबीच्या आसपास. फिरता भाग नसल्याने विखुरलेल्या फायलींचा त्रासही संपतो. लॅपटॉपमध्ये अडीच इंची जागा आहे की एम-डॉट-टू, हे बघूनच खरेदी करा. एसएसडी असूनही आकडा १०० वर राहत असेल, तर रॅम, उरलेली जागा आणि ड्रायव्हर तपासा.

दुकानात देताना तीन गोष्टी पाळा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या. जुनी डिस्क परत मागून घ्या, तुमचा सगळा डेटा तिच्यात असतो. आणि बिलावर एसएसडीची वॉरंटी लिहून घ्या.

विंडोज १० ची मोफत नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. तेव्हा फार जुन्या लॅपटॉपवर पैसे घालण्याआधी एसएसडी, रॅम आणि मजुरी यांची बेरीज करून बघा. बेरीज नव्या लॅपटॉपच्या निम्म्यावर जात असेल तर थांबलेलं बरं. मशीन नवं घेता येतं, गेलेला डेटा परत मिळेलच असं नाही.