अवजार आणि हात

गावचा सुतार नांगराचे लाकूड तासू लागला, की ज्याच्या शेतात तो नांगर चालावयाचा तो कुणबी शेजारी बसून असे. रुमण्याची उंची, फाळाचा कल यांचा निवाडा तेथल्या तेथे होई. कारखानदारीने हा शेजार मोडला. अवजार घडविणारा एकीकडे राहिला, वापरणारा दुसरीकडे. आणि संगणक आल्यावर तर, आपण काम कसे करावे हेही यंत्रच ठरविणार की काय, अशी धास्ती कामगारांच्या मनात शिरली.

या धास्तीला एक डोळस उत्तर नॉर्वेत मिळाले. संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन न्यूगोर यांनी 1970 नंतरच्या वर्षांत तेथील लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. नव्या यंत्रणेचा परिणाम कामगारांनी स्वतः अभ्यासावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1981 मध्ये स्वीडन व डेन्मार्क येथील संशोधकांनी वर्तमानपत्रांच्या मुद्रणकामगारांसह ‘युटोपिया’ हा प्रकल्प आरंभिला. कागदावरचे आराखडे कामगारांना उमगेनात. तेव्हा पुठ्ठ्याचे आणि लाकडाचे खोटे संगणक मांडण्यात आले. त्यांच्यापुढे बसताच खिळेजुळाऱ्यांची जीभ मोकळी झाली. काय हवे ते त्यांना शब्दांत सांगता येत नव्हते. हातांनी मात्र दाखविता येत होते.

महाराष्ट्रात हाच विचार निराळ्या वाटेने रुजला. अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेत न रमलेली मुले तेथे सुतारकाम, जोडकाम, शेती आणि भूजलाचा शोध करीत शिकू लागली. गावाची खरी गरज हाच त्यांचा धडा. जुन्या जीपगाडीचे भाग वापरून तेथे ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर घडला. 2002 च्या सुमारास अमेरिकेतील प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकाच्या आज्ञेने कापणारी व कोरणारी यंत्रे खेड्यात आणणाऱ्या जगातील पहिल्या काही कार्यशाळांपैकी ती एक होय. दुधाचा कस पाहणे, डिझेल इंजिनाची जुळणी नीट करणे, असे तेथल्या शेतकऱ्यांचे प्रश्न तिच्यापुढे आले.

असे घरचे यंत्र कारखान्यातील मालाइतके सुबक क्वचितच असते. पण ते बिघडले, तर उघडून पाहण्याचे धैर्य गावातच असते. कलबाग 2003 मध्ये निवर्तले; आश्रमाचे काम मात्र पुढे चालू राहिले.

वापरणाऱ्याला विचारणे आणि त्याच्या हाती साधन देणे, यांत मोठे अंतर आहे. ज्याला केवळ विचारले जाते, त्याचे उत्तर सोयीने बाजूस सारता येते. नॉर्वेतील कामगारामागे संघटनेचे बळ होते, म्हणून त्याचे ऐकले गेले. पाबळच्या मुलापाशी तसे बळ नव्हते; पण त्याच्या हाती करवत आली, आणि विचारले जाण्याची वाट पाहणे त्याला उरले नाही.