तारामती कोण होणार?

परवा पोफळीला पॉवर हाऊसच्या कॉलनीत मित्राकडे 'मॅट्रिक्स' (१९९९) परत पाहिला. निओचा रोल विल स्मिथने नाकारला होता, हे आम्हा आयटीवाल्यांचं आवडतं गॉसिप!

पण फाळक्यांना मिळालेले नकार भारी होते. 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) तारामती व्हायला एकही बाई तयार होईना. जाहिराती देऊन झाल्या, वेश्यांना विचारून झालं. सिनेमात तोंड दाखवलं की अब्रू गेली! शेवटी ग्रँट रोडवरच्या हॉटेलातले आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. १० चा पगार १५ झाला म्हणे. 'लंकादहन'मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही तेच. (हनुमान म्हणजे आपला पहिला सुपरहिरोच की...)

असो. फाळक्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'ला मात्र दोघींनी होकार दिला, दुर्गाबाई कामत आणि मुलगी कमलाबाई. विक्रम गोखल्यांच्या पणजी आणि आजी.