हौशी ते व्यावसायिक : महिला गोल्फपटूची वाट महाविद्यालयातून जाते का?

कळमेश्वर, प्रतिनिधी

खेळात नाव कमावणाऱ्या मुलींचे नागपूर जिल्ह्याला आता नवल राहिलेले नाही. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला. मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपन बॅडमिंटन स्पर्धेत सायना नेहवालला पराभूत केले. साहजिकच कळमेश्वर, काटोल, सावनेर यांसारख्या तालुक्याच्या गावांतील पालकही मुलीच्या खेळाकडे कारकीर्द म्हणून पाहू लागले आहेत. बुद्धिबळाची अथवा बॅडमिंटनची वाट त्यांना निदान ऐकून ठाऊक असते. गोल्फची वाट मात्र अपरिचित आहे आणि तिच्यावर एक असे वळण आहे, जे इतर खेळांत एवढे ठळक नसते. हौशी दर्जा सोडून व्यावसायिक कधी व्हायचे, हे ते वळण होय. बारावीनंतर, पदवीच्या मध्यावर की पदवी हाती आल्यावर, या निर्णयावर मुलीची पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात.

दोन दर्जे, एक रेषा

गोल्फमध्ये हौशी खेळाडू म्हणजे नवशिका नव्हे. जगातील उत्तम हौशी खेळाडू व्यावसायिकांनाही हरवतात. फरक आहे तो पैशाचा. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार हौशी खेळाडूला ७०० पौंड किंवा १,००० डॉलरपर्यंतचेच बक्षीस घेता येते. प्रायोजक घेण्यावरील पूर्वीची बंधने मात्र त्याच वेळी सैल करण्यात आली. व्यावसायिक स्पर्धेत हौशी मुलगी अव्वल आली, तरी तिच्या वाट्याची रक्कम पुढच्या व्यावसायिक खेळाडूंकडे जाते. एकदा व्यावसायिक झाल्यावर हौशी दर्जा परत मिळवायचा तर रीतसर अर्ज करावा लागतो. म्हणूनच ही रेषा विचारपूर्वक ओलांडावी लागते.

भारतातील रचना

देशातील हौशी गोल्फचा कारभार १९५५ मध्ये स्थापन झालेली इंडियन गोल्फ युनियन पाहते. मुलींसाठी वयोगटनिहाय स्पर्धा होतात आणि त्यांतील कामगिरीवरून राष्ट्रीय संघाची दारे उघडतात. व्यावसायिक महिलांसाठी विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाच्या वतीने विमेन्स प्रो गोल्फ टूर आयोजित केली जाते. वर्षभर निरनिराळ्या शहरांत होणारे तिचे टप्पे बहुधा तीन दिवसांचे, म्हणजे ५४ होल्सचे असतात. या टप्प्यांत हौशी मुलींनाही खेळता येते, ही मोठी सोय आहे. दर्जा न गमावता व्यावसायिकांशी बरोबरी करून पाहण्याची संधी तेथे मिळते. बंगळुरूच्या अदिती अशोकने २०११ मध्ये, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, अशाच एका टप्प्याचे विजेतेपद पटकावले होते.

शाळेतून थेट मैदानात

कोलकात्याच्या स्मृती मेहरा या अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर खेळणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. १९९७ मध्ये त्यांनी ही वाट पाडली. तिचा राजमार्ग केला तो अदितीने. डिसेंबर २०१५ मध्ये लेडीज युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा तिने सतराव्या वर्षी जिंकली आणि १ जानेवारी २०१६ रोजी ती व्यावसायिक झाली. त्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली आणि नोव्हेंबरमध्ये विमेन्स इंडियन ओपन जिंकून युरोपियन टूरचे विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय ठरली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये केवळ एका फटक्याच्या फरकाने तिचे पदक हुकले व चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले.

दीक्षा डागरनेही पदवीसाठी थांबणे पसंत केले नाही. लष्करी अधिकाऱ्याची ही डावखुरी कन्या श्रवणदोषावर मात करीत खेळते. २०१७ च्या डेफलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवले, २०१९ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन स्पर्धा जिंकली.

या दोघींच्या यशावरून 'बारावी झाली की व्यावसायिक व्हावे' असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे ठरेल. अदितीने आधी जिंकून दाखवले आणि मग दर्जा बदलला. दीक्षाही आंतरराष्ट्रीय पदक गाठीशी बांधूनच या रेषेपलीकडे गेली.

अमेरिकी महाविद्यालयांचा मार्ग

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ वर्षभर परस्परांशी खेळतात. मैदान, प्रशिक्षक, व्यायामशाळा आणि प्रवास यांची व्यवस्था विद्यापीठ करते. खेळाडू या काळात हौशीच राहते आणि शिक्षणही चालू राहते. आपल्याकडे एवढी भक्कम महाविद्यालयीन साखळी नसल्याने अनेक भारतीय मुली या मार्गाचा विचार करतात. शिष्यवृत्ती पूर्णच मिळेल असे नाही. २०२५ पर्यंत अव्वल श्रेणीतील महिला संघाला सहा शिष्यवृत्त्यांइतकीच मर्यादा होती व ती रक्कम अनेकींत विभागता येत असे. त्यानंतर नियम बदलले. निवड करताना प्रशिक्षक जागतिक हौशी क्रमवारी आणि शालेय गुण या दोन्हींकडे पाहतात. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा मिळाली. परदेशी विद्यार्थिनींना मात्र व्हिसाच्या अटी आड येतात.

या मार्गाचे फळ काय, हे अलीकडच्या उदाहरणांवरून दिसते. स्टॅनफर्डच्या रोझ झँगने २०२२ व २०२३ असे दोन वेळा महाविद्यालयीन वैयक्तिक विजेतेपद मिळवले. मे २०२३ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि जूनमध्ये पहिलीच व्यावसायिक स्पर्धा जिंकली. त्यानंतरही तिने पदवीचे शिक्षण सोडले नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाची इंग्लंडची खेळाडू लॉटी वोड जुलै २०२५ मध्ये एव्हियन स्पर्धेत संयुक्त तिसरी आली. हौशी असल्याने बक्षिसाची रक्कम तिला घेता आली नाही, परंतु एलपीजीएचे सदस्यत्व मिळाले. ती लगेच व्यावसायिक झाली आणि त्याच महिन्यात स्कॉटिश ओपन जिंकली. स्टॅनफर्डचीच भारतीय वंशाची मेघा गन्ने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेची महिला हौशी विजेती ठरली.

पैशाचे गणित

व्यावसायिक गोल्फपटूला पगार नसतो. विमान, निवास, प्रवेशशुल्क, कॅडीचे मानधन आणि प्रशिक्षकाचा खर्च तिचा तिलाच करावा लागतो. स्पर्धेतील पहिल्या फेऱ्यांनंतर 'कट' लागतो. एलपीजीएमध्ये बहुतांश स्पर्धांत पहिल्या ६५ व त्यांच्याशी बरोबरीत असलेल्या खेळाडूच पुढे जातात. उरलेल्यांचा आठवडा बहुधा पदरच्या खर्चात जातो. अनेक मुलींची कॅडी म्हणून आई किंवा वडील उभे राहतात, त्यामागे जिव्हाळ्याइतकेच हे गणितही असते. रिओत अदितीची बॅग वडिलांनी सांभाळली, टोकियोत आईने.

बुद्धिबळाचा पट घरात मांडता येतो, गोल्फचे मैदान घरात आणता येत नाही. महाराष्ट्रातील नावाजलेली मैदाने प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडे आहेत. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी, येरवड्याचे पूना क्लब ही त्यांतील परिचित नावे. तालुक्याच्या गावातील कुटुंबाला सरावासाठीच प्रवास आणि क्लबच्या प्रवेशाचा विचार प्रथम करावा लागतो.

निर्णयापूर्वी

जाणकारांच्या दृष्टीने तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. मुलगी हौशी म्हणून व्यावसायिकांच्या स्पर्धेत सातत्याने वरच्या क्रमांकात येते काय? पात्रता स्पर्धेतून खेळण्याचे कार्ड मिळण्याची वास्तव शक्यता आहे काय? आणि उत्पन्न नसताना किमान दोन हंगामांच्या खर्चाची तरतूद आहे काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर वयाची अट आड येत नाही. एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर महाविद्यालयातील वर्षे वाया गेली असे समजण्याचे कारण नाही. त्या वर्षांत खेळ पिकतो आणि हाती पदवीही येते. कट हुकलेल्या आठवड्यांची रांग लागली, तर पुन्हा उभे राहण्यास हीच पदवी कामी येते.