कवळीपासून नखापर्यंत

दूध विरजायला लावणारी गृहिणी घड्याळाकडे पाहत नाही. बोट बुडवून ती दुधाची ऊब पाहते, बाहेरच्या हवेचा अंदाज घेते आणि त्या मानाने विरजण कमीअधिक घालते. वैशाखात अर्धा चमचा पुरतो. माघात तेच भांडे घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवावे लागते. आज ज्या पदार्थाविषयी मी बोलणार आहे त्याचा दुधाशी काडीचाही संबंध नाही. तथापि त्याचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे : घट्ट व्हायचे ते किती वेळात व्हावे, आणि तो वेळ कोणाच्या हातात असावा? हा पदार्थ म्हणजे अ‍ॅक्रिलिक, आणि ज्या ठिकाणी त्याची गाठ आज सर्वसामान्य माणसाशी पडते ते ठिकाण म्हणजे सौंदर्यप्रसाधनगृहातील नखांचे टेबल.

त्या टेबलाशी काम करणाऱ्या मुलीपुढे दोन लहान वाट्या असतात. एकीत उग्र वासाचा पाण्यासारखा द्रव, दुसरीत पिठीसारखी भुकटी. ती कुंचला द्रवात बुडविते, त्याचे टोक भुकटीला टेकविते, आणि टोकावर मोत्याएवढा ओलसर गोळा तयार होतो. तो नखावर ठेवून ती त्याला थापटून, ओढून आकार देते. बघता बघता तो गोळा कुंचल्याचे ऐकेनासा होतो. काही मिनिटांनी ती कुंचल्याच्या दांड्याने नखावर टिचकी मारते. आवाज बद्द आला तर थांबायचे, खणखणीत आला तर कानस हाती घ्यायची. साऱ्या कामाचे कसब त्या गोळ्यात आहे. पण हे कसब नखांच्या धंद्यात जन्मलेले नाही. ते दंतवैद्यांकडून आलेले आहे.

ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली ट्यूबिंगेन येथे अ‍ॅक्रिलिक अम्लापासून होणाऱ्या घट्ट पदार्थांवर आपला प्रबंध लिहिला. पुढे त्याच्याच कारखान्यातून ‘प्लेक्सिग्लास’ ही पारदर्शक काच बाहेर पडली. १९३३ साली ते नाव नोंदले गेले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘पर्स्पेक्स’ निघाले. रसायन एकच : मिथिल मेथॅक्रिलेट. या द्रवाचे सुटे रेणू हातात हात घालून लांब साखळ्या करतात आणि द्रवाची काच होते. विमानाच्या खिडकीला ती उत्तम; पण माणसाच्या हिरडीला बसेल असा आकार अशा तयार तक्त्याला कसा द्यायचा?

तोवर कवळ्या होत असत त्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या. टिकाऊ खऱ्या, पण रंगाने अगदीच बेगडी. १९३६ साली कुल्त्सर या जर्मन कंपनीत एक साधी वाटणारी युक्ती सापडली. घट्ट झालेले अ‍ॅक्रिलिक दळून त्याची भुकटी करायची, ती मूळच्या द्रवात कालवायची आणि तयार झालेली कणीक साच्यात दाबून उकळत्या पाण्याच्या उष्णतेने पक्की करायची. या भुकटीत बेंझॉइल पेरॉक्साइड असते, तेच येथले विरजण. उष्णतेने ते फुटते, आणि त्याचे तुकडे सुट्या रेणूंची साखळी सुरू करून देतात.

आता घाईची पहिली शिक्षा दंतशाळेतील कारागिरांना मिळाली. रेणू जुळताना स्वतःच उष्णता सोडतात. त्यात मिश्रण दाटू लागले की वाढत्या साखळ्यांची टोके एकमेकांना भेटून थांबेनाशी होतात, पण लहान सुटे रेणू मात्र त्यांना येऊन मिळतच राहतात. परिणामी दाटपणा वाढला की वेग कमी व्हायच्या ऐवजी एकदम वाढतो. वड्यांचा पाक ज्यांनी केला आहे त्यांना हा क्षण ठाऊक आहे : बराच वेळ काही होत नाही, आणि मग ताटात थापायचीही उसंत मिळत नाही. शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात या गोष्टीचा उलगडा केला. कारागिरांना ती जाड कवळीच्या पोटातील बुडबुड्यांवरून आधीच कळली होती. हा द्रव जवळजवळ १०० अंश सेल्सियसलाच उकळतो. साचा एकदम उकळत्या पाण्यात टाकला की आतली उष्णता त्याच्याही पलीकडे जाते, द्रवाची वाफ होते आणि कवळी इडलीसारखी सच्छिद्र निघते. म्हणून साचा सुमारे ७४ अंशांच्या पाण्यात आठ-नऊ तास, बहुधा रात्रभर, ठेवण्याची पद्धत पडली. किंवा त्याच उष्णतेवर दीड तास ठेवून मग एक तास उकळायचा.

कवळीला रात्रभराचा अवधी देता येतो. तोंड उघडून बसलेल्या रोग्याच्या दातात भरण करायचे तर तो कोठून आणणार? शिवाय तोंडात पाणी उकळणार कोण! १९४३ साली, महायुद्ध चालू असतानाच, जर्मनीत याचा तोडगा निघाला. द्रवात अमाइन जातीचे एक रसायन अत्यल्प प्रमाणात घातले की भुकटीतील पेरॉक्साइड साध्या हवेच्या उबेलाच फुटते. भुकटीत विरजण, द्रवात त्याला चेतविणारा. दोघांची गाठ पडली की काही मिनिटांत काम पक्के. आणि बाटलीतल्या बाटलीत द्रव गोठू नये म्हणून त्यात हायड्रोक्विनोनसारखा एक रोधकही कणभर घालायचा. चेतविणारा आणि रोखणारा एकाच बाटलीत सुखाने नांदतात, ही मला या कथेतील सर्वांत मौजेची गोष्ट वाटते.

युद्धानंतर दंतवैद्यांनी हे मिश्रण दातांत भरून पाहिले, आणि पुष्कळांची निराशा झाली. निव्वळ द्रव घट्ट होताना आकारमानाने सुमारे २१ टक्के आक्रसतो. भुकटी मिसळल्यावरही सहा-सात टक्के आक्रसणे उरतेच. भरणाच्या कडेला फट पडे, तीतून लाळ शिरे आणि दात पुन्हा किडे. तात्पुरती टोपी, तुटलेल्या कवळीची दुरुस्ती अशा कामांना मात्र ते फार सोयीचे ठरले. मँचेस्टरमध्ये जॉन चार्न्ली या शल्यविशारदाने दंतविद्यालयातील डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने हेच स्वयंघट्ट अ‍ॅक्रिलिक घेतले, आणि १९५८ पासून खुब्याचा कृत्रिम सांधा मांडीच्या हाडात पक्का बसविण्यासाठी ते वापरले. आजही शस्त्रक्रियागृहात या हाडांच्या सिमेंटचे मिश्रण झाले की मिनिटे मोजली जातात, आणि जास्त अवधी हवा असेल तर ते आधी थंड करून ठेवतात.

अमेरिकेत फ्रेड स्लॅक नावाच्या दंतवैद्याचे नख १९५४ साली काम करताना तुटले, असे सांगतात. हाताशी कवळीचे अ‍ॅक्रिलिक होतेच. त्याने त्याचे नख घडविले, पुढे सुधारले, आणि भावाच्या साहाय्याने त्याचे पेटंट घेऊन धंदा उभा केला. जे रसायन तोवर पदवीधर वैद्याच्या हाती होते, ते आता प्रसाधनाच्या टेबलावर आले. रसायन आले; त्याच्याविषयीची सावधगिरी मात्र मागे राहिली. १९५६ व १९५७ सालच्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांतच या नखांमुळे झालेल्या त्वचारोगाचे वृत्तांत सापडतात. कारण घट्ट झालेले अ‍ॅक्रिलिक निरुपद्रवी असले, तरी न जुळता राहिलेला द्रव तसा नसतो. तो कातडीला लागत राहिला की काही जणांना त्याचे वावडे जडते, आणि ते बहुधा जन्मभराचे असते. पुढे त्यांना दंतवैद्याकडचे किंवा हाडांचे अ‍ॅक्रिलिकही बाधू शकते.

१९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नखे विद्रूप झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. निव्वळ मिथिल मेथॅक्रिलेट द्रवाच्या मालाविरुद्ध प्रशासन न्यायालयात गेले. एका कंपनीवर मनाई हुकूम निघाला, काही माल जप्त झाला, काही कंपन्यांनी आपण होऊन परत घेतला. असे असूनही त्या द्रवाला प्रसाधनांतून सरसकट बंदी करणारा देशव्यापी नियम तेथे झाला नाही. जबाबदार उत्पादक एथिल मेथॅक्रिलेटकडे वळले. मिथिलचे नख स्वस्त पडते आणि दगडासारखे कडक होते. कोठे अडकले तर ते स्वतः मोडत नाही. खालचे खरे नख उपटून घेऊन निघते. एथिलचे किंचित लवचीक असते.

१९७५ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या छावणीत आलेल्या व्हिएतनामी निर्वासित स्त्रियांपैकी विसेक जणींना टिप्पी हेड्रेन या अभिनेत्रीने नखांची निगा राखण्याचे शिक्षण मिळवून दिले. त्यातून पुढे अमेरिकेत या धंद्यावर व्हिएतनामी कुटुंबांचा मोठा पगडा बसला. पोट चालले, घरे उभी राहिली; पण गिऱ्हाईक महिन्यातून एकदा जो वास घेते, तो दिवसभर नाकात भरून घेणाऱ्याही त्याच झाल्या. गिऱ्हाइकाला घाई, मालकाला त्याहून अधिक, आणि लवकर धरणाऱ्या भुकटीला म्हणूनच मागणी. भुकटीत पेरॉक्साइड अधिक असले किंवा तिचे कण अधिक बारीक असले की गोळा लवकर धरतो. नवशिकीच्या हाताला तो आवरत नाही, आणि मग ती स्वाभाविकच एक चूक करते : कुंचला द्रवात अधिक बुडविते. गोळा पातळ होतो, पसरतो, अवधी मिळतो. परंतु विरजण भुकटीत आहे. तेवढ्याच विरजणाला दूध मात्र वाढले. नख मऊ राहते, न जुळलेला द्रव आत उरतो आणि पातळ मिश्रण ओघळून नखाच्या मुळाशी कातडीला लागते. वावड्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

हैदराबादच्या मे महिन्यात आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत तीच बाटली दोन तऱ्हांनी वागणार, हे उघड आहे. उन्हाळ्यात द्रव थंड व अंधाऱ्या जागी ठेवावा, वाटीत थोडाथोडाच ओतावा, वाटी झाकलेली असावी, उरलेला द्रव बाटलीत परत घालू नये. मोठ्या गोळ्याऐवजी लहान लहान गोळे घ्यावेत, आणि उशिरा धरणारी भुकटी मिळत असेल तर ती मागून घ्यावी. थंडीत टेबलाभोवतीची हवा उबदार करावी. द्रवाची बाटली विस्तवावर धरू नये, कारण तो पेट घेतो. कातडीपासून केसभर अंतर सोडावे. कानशीची भुकटीही अंगावर पडू देऊ नये, कारण टिचकीला खणखणीत वाजणारे नख पुरते पक्के व्हायला पुढे एक-दोन दिवस घेते.

बोटांना खाज सुटली, नखांभोवती लाली आली, तर त्या मुलीने काम थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला हात दाखवावा. साधे पातळ हातमोजे घालून भागते असा समज आहे. हा द्रव त्यांतून काही मिनिटांतच आरपार जातो.