दर्शक (रसायनशास्त्र)

द्रावण आम्लधर्मी आहे की आम्लारिधर्मी, हे स्वतःचा रंग बदलून दाखवणारा पदार्थ. बहुतेक दर्शक स्वतःच दुर्बल आम्ले किंवा दुर्बल आम्लारी असतात. अखंड रेणूचा रंग एक आणि त्यातून हायड्रोजन आयन निघून गेल्यावर उरणाऱ्या आयनाचा रंग दुसरा. द्रावणाच्या सामूनुसार (pH, म्हणजे आम्लता-आम्लारिता दाखवणाऱ्या अंकानुसार) या दोहोंचे प्रमाण बदलते आणि डोळ्यांना रंग पालटलेला दिसतो.

हा पालट सामू ७ वरच, म्हणजे उदासीन बिंदूवरच होतो, हा समज शाळेत फार पसरलेला आहे आणि तो घालवायला हवा. प्रत्येक दर्शकाचा पल्ला वेगळा. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या पल्ल्यात लालचे पिवळे होते. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ पर्यंत रंगहीन असते आणि १० च्या सुमारास गडद गुलाबी होते; म्हणजे शुद्ध पाणी, मिठाचे पाणी आणि व्हिनेगर या तिन्हींत ते सारखेच रंगहीन दिसते. लिटमसचा पल्ला साधारण ५ ते ८. ते मुख्यतः समुद्रकाठच्या खडकांवर वाढणाऱ्या रोसेला वंशाच्या दगडफुलापासून, अमोनियासह आंबवून, काढत आले आहेत. गोड्या मसाल्यातले दगडफूल त्याच गटातले, पण जात निराळी.

घरातला उत्तम दर्शक हळद. आमटीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लालसर तपकिरी होतो. साबण धुऊन निघाला किंवा वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीत चुना कालवल्यावर येणारा लाल रंगही याच गुणामुळे. मात्र आम्लात आणि उदासीन द्रावणात हळद पिवळीच राहते. ती पिवळी राहिली म्हणून द्रावण आम्ल ठरवता येत नाही.

फुलांच्या रंगांचा असा उपयोग रॉबर्ट बॉइल यांनी रंगांवरील १६६४ च्या ग्रंथात नोंदवला: जांभळ्या व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने लाल, अल्काने (विद्राव्य आम्लारीने) हिरवा. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या अर्कावर असा प्रयोग वर्गात सहज करता येतो. फिनॉल्फ्थॅलीन १८७१ मध्ये आडोल्फ फोन बायर यांनी बनवले. सामूची मोजपट्टी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडली. तिच्यावर एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती दहापट. अनेक दर्शकांच्या मिश्रणातून केलेला वैश्विक दर्शक या पट्टीवरचा अंदाजे अंक रंगातून सांगतो.

अनुमापनात, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने घालून त्याची संहती मोजताना, दर्शक निवडायचा तर तयार होणाऱ्या क्षाराचा विचार करावा लागतो. हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून होणारे मीठ उदासीन असते, आणि शेवटी सामू एका थेंबासरशी इतकी उडी घेतो की मिथिल ऑरेंज आणि फिनॉल्फ्थॅलीन हे दोन्ही दर्शक चालतात. व्हिनेगरचे तसे नाही. त्यातून होणारा सोडियम ॲसिटेट किंचित आम्लारिधर्मी असतो, म्हणून तेथे फिनॉल्फ्थॅलीनच घ्यावे. मिथिल ऑरेंज घेतले तर ब्यूरेटमधून जेमतेम एक तृतीयांश आम्लापुरता अल्क पडला असतानाच शंकूपात्रातले द्रावण पिवळे होते.